कपाट, डबा आणि साक्रीचा वारा

छोटी, उंच, चौकोनी गाडी ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांना मे महिन्यात साक्रीच्या बाजूला जायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त हसू नका. हसायला आमच्या कॉलनीतली मंडळी पुरेशी आहेत.

साल दोन हजार सहा. नाशिकहून नंदुरबार, अंदाजे अडीचशे किलोमीटर. तिथे माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, एकुलत्या एका मुलीचं लग्न. मुहूर्त सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मी मुलीचा एकुलता एक मामा. मामाने मुलीला बोहल्यावर घेऊन यायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आपली रीत. त्यातून मनीषाला वडील नाहीत. म्हणजे त्या दिवशी तिच्या मागे उभं राहणारं माहेरचं माणूस मीच, दुसरं कोणी नव्हतं.

वडील नाहीत, त्याचंही सांगायला हवं. नाहीतर मला मुहूर्ताची एवढी काय पडली होती ते कळायचं नाही. सुमनचा नवरा चौऱ्याण्णव साली गेला. निरोप सकाळी कारखान्याच्या गेटवर आला. माझी पहिली पाळी नुकती लागली होती, माल अर्जंट होता, साहेब म्हणाला तेवढा लॉट काढून जा. मी लॉट काढून गेलो. पोचलो तेव्हा सगळं उरकून माणसं अंघोळी करून बसली होती. सुमनने एवढंच विचारलं, "बस मिळाली नाही का, दादा?" मी म्हणालो, "नाही ना." त्या दिवशी बस होत्या, एक सोडून दोन होत्या. तिलाही ते माहीत होतं.

बारा वर्षं ते वाक्य माझ्या घशात अडकलं होतं. मनीषाच्या लग्नाला काहीही झालं तरी मी वेळेवर उभा असणार, असं मी सुमनला फोनवर तीनदा सांगितलं. आता पुढचं ऐका.

सातपूर

मी पत्र्यातला माणूस. सातपूरला बावीस वर्षं शीटमेटलमध्ये काढली. स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी पाठवलं तेव्हा ही गाडी घेतली. जुनी, तीन सिलिंडरची, उभट. पुढून बघितली तर भिंत, बाजूने बघितली तरी भिंत. आत मात्र ऐसपैस, टोपी घालून बसा. कॉलनीत सगळे तिला फ्रीज म्हणतात, मी डबा म्हणतो.

भाचीला मामाने काहीतरी भरभक्कम द्यायला हवं, म्हणून मी स्वतःच्या हाताने लोखंडी कपाट केलं. साडेसहा फुटी, दोन दारांचं, एका दाराला पूर्ण आरसा. आतल्या कप्प्याच्या पट्टीवर पंचने ठोकून मनीषाचं नाव घातलं. सुमन फोनवर म्हणाली होती, "दादा, कपाट नको रे. जावयांकडे भिंतीत कपाटं आहेत. तू फक्त आदल्या दिवशी ये." पण आपल्याकडे 'नको' या शब्दाला अर्थ असतो का? पाहुण्याला चहा विचारला की तो नको म्हणतो आणि मग दोन कप पितो. बहीण नको म्हणाली की भावाने आणायचं असतं, अशी माझी समजूत. मी म्हटलं, लाजतेय.

आदल्या दिवशी जायचं ते राहिलंच. रंग भट्टीत भाजून घ्यायचा होता आणि त्या वर्षी भारनियमनाने सातपूरच्या छोट्या वर्कशॉपांचा जीव काढला होता. लाइट जायची, भट्टी थंड. लाइट यायची, भट्टी तापेपर्यंत पुन्हा जायची. कपाट हातात आलं ते लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. माझी बायको शालिनी मामाकडची पिवळी साडी पिशवीत घालून दुपारीच एसटीने पुढे निघून गेली. जाताना म्हणाली, "आठ दिवसांपूर्वी द्वारका चौकातून ट्रान्सपोर्टने टाकलं असतं तर आत्ता तुम्ही माझ्याबरोबर बसला असता." मी म्हणालो, "मामाचं कपाट मामाच्याच गाडीवरून जाईल." तिने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा दोन शब्द बोलली असती तर बरं.

कपाट कॅरिअरवर बांधायला सलीमभाई आले. डेंटर माणूस, माझे जुने दोस्त. पट्टे आवळून झाल्यावर ते गाडीच्या पुढे जाऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"भाऊ, हा वारा खानार. गाडीचं तोंड आधीच सपाट, त्याच्यावर ह्याचं अजून एक सपाट तोंड. दहा मिनटं द्या, पुढे तिरपा पत्रा मारून देतो. वारा वरून जाईल."

"मी लग्नाला चाललोय सलीमभाई, प्रचाराला नाही. तो तिरपा पत्रा बघून वऱ्हाडी काय म्हणतील?"

"वऱ्हाडी पोचल्यावर बघतील ना. पहिले पोचा तर."

मी हसण्यावारी नेलं. आणि इथे माझी मला लाज वाटते, ती सांगून टाकतो. बावीस वर्षं मी कारखान्याच्या उघड्या आवारात हेल्परांवर ओरडलो आहे, की अरे गाढवा, पत्रा वाऱ्याला आडवा धरू नको, धारेवर धर, नाहीतर तुला घेऊन उडेल. आयटीआयमध्ये मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, की वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. सगळं पाठ. आणि लग्नाच्या दिवशी साडेसहा फुटी पत्रा घेऊन निघालो तो थेट वाऱ्याच्या तोंडावर.

चांदवडपर्यंत

सोबतीला तात्या होते. आमच्या शेजारचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. गाव निफाडकडचं, बोलणं अजून तिकडचंच. त्यांना लग्नाचं आमंत्रण नव्हतं, पण रस्ता म्हटला की तात्या आलेच. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

साडेपाचला निघालो. सटाण्यावरून जवळ पडलं असतं, पण त्या वाटेला वळणावळणाचा घाट, आणि घाटात कपाट घसरलं तर? म्हणून हायवे धरला. सकाळचं वारं पडलेलं होतं. ओझरपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. मी तात्यांना म्हणालोसुद्धा, "सलीमभाई उगाच घाबरवतात." तात्या काही बोलले नाहीत. एसटीतली माणसं सकाळी सात वाजेपर्यंत मत देत नाहीत.

पिंपळगाव गेल्यावर मी साठच्या पुढे गेलो आणि डोक्यावर कोणीतरी शंख फुंकायला लागलं. हूंऽऽऽ. साठला हूं, पासष्टला हीं. मला वाटलं बेअरिंग गेलं. तात्या म्हणाले, "बेरिंग नाय, पट्टा हाय. वाऱ्यानं थरथरतोय. थांबव." खाली उतरून त्यांनी प्रत्येक पट्टा सोडला, त्याला दोन पीळ दिले आणि पुन्हा आवळला. आवाज बंद. पंचवीस मिनिटं गेली, पण चीज झालं. तुम्हीही कधी कॅरिअरवर सपाट पट्टा बांधाल तर पीळ देऊन बांधा, एवढं तरी या लेखातून घ्या.

दुसरी भानगड गोधडीची. नवीन रंगाला चरे पडू नयेत म्हणून शालिनीची चांगली गोधडी मी कपाटावरून गुंडाळली होती. चांदवडच्या अलीकडे वारं सुटलं आणि गोधडीत शिरलं. ती फुगली. गाडीला मागून कोणी शेपटी धरून ओढतंय असं वाटायला लागलं. अॅक्सिलरेटर दाबतोय आणि काटा पन्नासवरून खाली येतोय. शेजारून जाणाऱ्या एसटीतले प्रवासी खिडकीतून बोट दाखवत होते. थांबून गोधडी काढली.

गोधडी काढली तर आरसा उघडा पडला. कपाट उताणं, आरसा आभाळाकडे, सूर्य समोर. मागच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यात तिरीप जायला लागली. तो बिचारा पाच मिनिटं हॉर्न वाजवत होता, मला वाटलं साइड मागतोय. शेवटी त्याने बरोबरीला येऊन काच खाली केली आणि माझ्या खानदानाचं नाव काढलं. मग पुन्हा थांबलो. तात्यांनी शेजारच्या कांद्याच्या वावरातून ओला चिखल आणला आणि आरशाला फासला. माझ्या भाचीच्या कपाटाला! घड्याळात साडेसात वाजून गेले होते आणि आम्ही अजून चांदवडही ओलांडलं नव्हतं.

मालेगावची बाजू

हायवेवरचा राहूडचा छोटा घाट उतरल्यावर रस्ता उघड्यावर येतो. दोन्ही बाजूंना मोकळं माळरान, झाड नाही की टेकडी नाही. डाव्या अंगाने वारा यायला लागला. उभ्या गाडीला आडवा वारा काय करतो हे ज्याने भोगलं नाही त्याला सांगून कळणार नाही. तुम्ही स्टिअरिंग सरळ धरता आणि गाडी आपली उजवीकडे सरकत जाते, हट्टी बैलासारखी. तुम्ही डावीकडे ओढून धरता. तेवढ्यात समोरून ट्रक येतो. तो शेजारी आला की त्याच्या हवेचा धक्का उजवीकडून बसतो आणि तुम्ही ओढून धरलेले असता, त्यामुळे गाडी डावीकडे खड्ड्यात जाते. ट्रक गेला की वाऱ्याची थप्पड पुन्हा बसते. प्रत्येक ट्रकला हा खेळ. त्या रस्त्यावर ट्रक किती, ते नाशिककरांना सांगायला नको.

"आखडू नको," तात्या म्हणाले. "हात ढिले ठिव. वाऱ्याशी भांडतो काय? तीस वर्सं मी ह्याच रोडनी गाडी मारली. आमची लालडबी काय बारीक व्हती व्हय? पन तिच्यात वजन व्हतं. तुझ्या गाडीत वजन नाय, आन् जे हाय ते टकुऱ्यावर ठिवलंय."

उमराण्याजवळ कांद्याने भरलेला ट्रक पुढे लागला. त्याच्या मागे गेलो आणि काय सांगू, एकदम शांत. स्टिअरिंग हलकं, इंजिनाचा आवाज खाली, पायाखाली जोर उरलेला. ट्रकने सगळा वारा स्वतःच्या अंगावर घेतला होता. तात्या म्हणाले, "आता ह्याचा पदर सोडू नको. फक्त एवढा जवळ जाऊ नको, त्यानं ब्रेक मारला तर कपाट त्याच्या हौद्यात जाईल."

पण ट्रक पंचेचाळीसने चालला होता आणि माझ्या डोक्यात अकरा वीस वाजत होते. मी तीनदा ओव्हरटेक करायला बाहेर आलो. तीनही वेळा ट्रकच्या आडोशातून नाक बाहेर काढलं की वारा असा आदळायचा, की गाडी जागच्या जागी उभी राहते की काय! पाय तळाला टेकलेला आणि ट्रकचं मागचं चाक काही मागे पडत नाही. तिसऱ्या वेळी समोरून बस आली. कसाबसा परत आत शिरलो. "झाली हौस?" तात्यांनी विचारलं आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

मालेगावला चहासाठी पाच मिनिटं थांबलो. तिथला चहा म्हणजे साखरेचा पाक, पण त्या दिवशी बरा वाटला. टपरीवाल्याने गाडीकडे बघून विचारलं, "दुकान शिफ्ट कर रहे क्या, चाचा?" मी म्हणालो, भांजी की शादी है. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. सबंध प्रवासात मला चांगलं वाटलं असा तो एकच क्षण, म्हणून लिहून ठेवतो.

कुसुंबा

धुळ्याला डावीकडे वळून सुरतचा रस्ता धरला आणि सकाळपासून जो वारा बाजूला होता तो समोर आला. बाजूचा वारा निदान तुम्हाला ढकलतो तरी. समोरचा नुसता छातीवर हात ठेवून उभा राहतो. चौथा गिअर घेतला की गाडी हाशहुश करून मरायला टेकायची. तिसऱ्यात पन्नास, त्यावर काटा जाईना. पेट्रोलचा काटा मात्र डोळ्यादेखत खाली. खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा उभा केला तर हात मागे फेकला गेला, आडवा केला तर तरंगला. मी तो हात दोन-तीनदा उभा-आडवा करून बघितला. सलीमभाईंचा तिरपा पत्रा डोळ्यांपुढे आला.

कुसुंब्याला पाणी उकळून इंजिनातून वाफ यायला लागली. पावणेदहा वाजले होते. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा चहा आणि शेवभाजी विकत बसला होता, मागे त्याचं घर. त्याने न विचारता पाण्याची बादली आणून दिली.

"वारा शे आज, भाऊ," तो अहिराणीत म्हणाला. "दिवस मावळेपर्यंत आसाच ऱ्हाई."

तेवढ्यात शालिनीचा फोन आला. मागे सनई वाजत होती.

"कुठे आहात?"

"आलोच. साक्री सोडली."

साक्री अजून तीस किलोमीटर पुढे होती. माझ्या तोंडून ते सहज निघून गेलं. आपल्याकडे घरातून न निघालेला माणूसही फोनवर 'आलोच' म्हणतो आणि समोरचा मनातल्या मनात अर्धा तास धरतो, हा व्यवहारच आहे. पण शालिनी म्हणाली, "मग ठीक आहे. सुमनताईंनी विचारलं होतं, मामाच्या जागी दुसऱ्या कोणाला सांगून ठेवायचं का. मी त्यांना सांगते की तुम्ही येताय." आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावून खरं सांगायला हवं होतं. नाही लावला.

तात्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उठले आणि कपाटाचे पट्टे सोडायला लागले.

"काय करताय तात्या?"

"उतरव. कपाट हितं ठिवू. मी कपाटापाशी बसतो, बाबाची शेवभाजी खातो, मला काय घाई नाय. तू मोकळी गाडी घिऊन सत्तरनं जा. अकरा-सव्वाअकराला मांडवात आसशील. लगीन लागल्यावर कोन बी टेम्पो घिऊन यील."

म्हातारा आपल्या अंगणाकडे बोट दाखवून म्हणाला, "आठेच ठेवा, भाऊ. मी देखस. कपाटले काय पाय शेत का पळाले?"

दोघंही बरोबर बोलत होते. पाणी थंड झालं होतं, वेळ होता, रस्ता होता. आणि मी, मी कपाटाकडे बघत होतो. चिखल फासलेलं, तरी माझ्या हातचं. डोक्यात एकच: मांडवात मामा रिकाम्या हाताने, घामाने निथळत, पळत आला, असं नंदुरबारचे लोक बघणार. बारा वर्षांपूर्वीही रिकाम्या हाताने गेलो होतो. या वेळी गाडीवर कपाट, दारात गाडी, सगळ्यांनी वळून बघितलं पाहिजे. आणि दुसरं असं, की आपल्याकडे लग्नं वेळेवर लागतात कुठे? पत्रिकेत अकरा वीस म्हणजे बारा धरायचं. नाशकात तर एक वाजतो.

"राहू द्या," मी म्हणालो. "होईल बरोबर. लग्नं कधी वेळेवर लागलीत?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पट्टे पुन्हा आवळले, पीळ देऊन, नीट. "तुझी भाची, तुझं कपाट," एवढंच म्हणाले. तिथून नंदुरबारपर्यंत त्यांनी तोंड उघडलं ते एकदाच.

पंख्यांखाली

ते साक्रीच्या पुढे छडवेलजवळ. तिथे डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. मी पहिल्यांदाच बघत होतो. पांढरे प्रचंड पंखे, रांगेने, सगळे आमच्यासारखेच वाऱ्याकडे तोंड करून गरगरत होते. एरवी गाडी थांबवून बघत बसलो असतो इतकं ते दृश्य सुंदर होतं. मी तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसने घुसमटत चाललो होतो.

"बघ," तात्या म्हणाले. "लोकं सगळा महाराष्ट्र हिंडली आसतील, वारा कुठं लय हाय म्हनून. आन् त्यांनी ही जागा धरली. तू बी हीच धरली."

मला हसू आलं नाही. गाडीतल्या घड्याळात अकरा वीस झाले होते. मी त्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला बघत राहिलो. शालिनीचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. काय सांगणार? साक्री सोडली, असं आता खरं सांगता आलं असतं.

नंदुरबार

मुलाचे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते, ही गोष्ट मला सुमनने सांगितली होती, पण तिचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. त्यांच्याकडे अकरा वीस म्हणजे अकरा वीस. माझ्या 'आलोच'वर त्यांनी दहा मिनिटं थांबायला कबुली दिली होती, तीही कपाळाला आठ्या घालून.

मी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. मांडवाबाहेर चिखलाच्या कपाटासकट गाडी उभी केली. हवं होतं तसं सगळ्यांनी वळून बघितलं. आत दुसरी पंगत बसली होती, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. नवरा-नवरी खुर्च्यांवर, डोक्याला मुंडावळ्या, समोर आहेराची रांग. मनीषाच्या अंगावर मी घेतलेली पिवळी साडी होती. ती मला बघून हसली. खरंच हसली, रागवली नव्हती, आणि तेच मला सोसवेना.

शालिनीने मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. मास्तरांनी घड्याळ दाखवलं. मामा नाही म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली, कोणी लांबच्या चुलत्याचं नाव काढलं. तेव्हा मनीषा अंतरपाटाआड जायच्या आधी मोठ्याने म्हणाली, "मामा नाही ना? मग आई उभी राहील माझ्या पाठीशी." सुमन कुठे होती? मागे, स्वयंपाकाच्या मंडपात, भाताच्या पातेल्यापाशी. नवरा नसलेली बाई, आपणहूनच मागे जाऊन बसली होती, आणि कोणी तिला पुढे बोलावलंही नव्हतं. कोणीतरी पुटपुटलं, असं कसं चालेल. त्यावर मास्तर म्हणाले, "ताई, या लवकर. वेळ चाललीय." सुमन पदराला हात पुसत आली, मुलीच्या हाताला धरून तिला बोहल्यावर घेऊन गेली आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभी राहिली.

"रडली का गं सुमन?" मी मूर्खासारखं विचारलं.

"नाही. ताठ उभ्या होत्या," शालिनी म्हणाली. "मी रडले."

सुमन मला सगळं आवरल्यावर भेटली. मी पायरीवर बसलो होतो. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तेच डोळे, तोच आवाज.

"काय झालं, दादा?"

"वारा होता गं," मी म्हणालो.

त्रेपन्न वर्षांचा माणूस मी. म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. या वेळी तर ते खरं होतं, आणि तरी ते 'बस मिळाली नाही'सारखंच ऐकू आलं. सुमन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "बरं झालं, दादा."

"काय?"

"तू वेळेवर आला नाहीस ते. आला असतास तर मी तिथे मागे भातच ढवळत बसले असते. मला कोणी हाक मारली नसती. तूही मारली नसतीस."

आदल्या दिवशी आलो असतो, कपाट कुसुंब्यालाच ठेवलं असतं, तरी सुमन पुढे उभी राहावी हे माझ्या मनात आलं असतं का? नसतं आलं. मला फक्त मी कुठे उभा राहणार ते दिसत होतं.

"आणि कपाट घेऊन जा," ती उठता उठता म्हणाली. "त्यांच्याकडे खरंच जागा नाही रे. मी सांगितलं होतं तुला."

परत

चारला निघालो. पुढे तात्या, मागे शालिनी, डोक्यावर कपाट. पवनचक्क्या दिसायला लागल्या तेव्हा वारा आमच्या मागून होता. मी नेहमीच्या सवयीने जोर लावायला गेलो तर गाडी सुटलीच. साठ, सत्तर, पंच्याहत्तर. पट्टे गप्प, इंजिन गप्प, स्टिअरिंग लोण्यासारखं. तेच कपाट, तोच डबा. सकाळी जो वारा छातीवर उभा होता तो आता मला घरी हाकलत होता.

कुसुंब्याला म्हाताऱ्याने आम्हाला लांबून ओळखलं आणि हात हलवला. गाडीवर अजून कपाट बघून त्याचा हात वरच्या वर थांबला. मी थांबलो नाही.

धुळं आलं तेव्हा शालिनी मागून पहिल्यांदा बोलली.

"बरी पळते हो आता."